लॉनची वही, गंगावऱ्हे

तारीख लिहिली. वारा : नाही.
पंप : पाठीवरचा, सोळा लिटर.
धरणावरून येणारी सकाळ
अजून स्वेटरातून आरपार जाते
आणि हे परदेशी राय गवत
तेवढ्यावरच जगतं बिचारं.
दिवाळीनंतर पेरायचं, पाडव्यापर्यंत मिरवायचं,
एप्रिलात पिवळं पडलं की
पाहुण्यांच्या खुर्च्या द्राक्षबागेकडे वळवायच्या.

मध्येच दुसरं एक गवत येतं.
कंपनीचे विसपुते त्याला क्रॅबग्रास म्हणतात.
पदविकेला त्याचं लॅटिन नाव होतं,
दोन मार्कांना, मी चुकवलेलं.
खेकड्यासारखं आडवं चालतं,
पेरापेराला मूळ टेकवत.
कापणीचं यंत्र डोक्यावरून जातं तेव्हा
मान खाली घालून बसतं,
दुसऱ्या दिवशी यंत्राच्या मागे उभं.

म्हणून ते दिसायच्या आधीच मारायचं.
औषध हळदीसारखं पिवळं,
आमच्याकडच्या कांदेवाल्यांना पाठ असलेलं.
मातीच्या वरच्या बोटभरात त्याचा थर बसतो.
मग हलकं पाणी. मग दाताळं लावायचं नाही.
बी फुटतं, पांढरा कोंब काढतं,
थराला लागतं आणि थांबतं.
माझ्या सगळ्या कामांत हे एकच असं
की नीट झालं तर
दाखवायला काही उरत नाही.

(बोटं दिसतात. हातमोजे फाटलेत,
मागणी जानेवारीपासून याच वहीत आहे.
तीनदा साबण लावूनही
बायको ताटावर विचारते,
आज कुणाची हळद होती?)

तेवीस तारखेला साखरपुडा.
नवऱ्याच्या भावाला घोडा हवाच होता.
सकाळी स्टेजपुढे चार खाटांएवढी जागा उघडी.
मॅनेजर म्हणाले, बी टाका.
म्हटलं, साहेब, धरणार नाही.
खाली थर आहे. तीन महिने तरी.
"अरे, पण ते तणासाठी ना? हे आपलं बी आहे."
आता काय सांगू.
थराला पोत्यावरचं नाव वाचता येत नाही,
त्याला फक्त उगवणं कळतं.

टाकलं. अकरा किलो.
पोत्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र.
हरसूलच्या ठकूबाईंनी रोज दोनदा पाणी मारलं,
नागलीच्या रोपांवर मारावं तसं, हलक्या हातानं.
बारा दिवस.
"काही उगवलं नाही" असं लिहायला
वहीत रकाना नाही.
मी "निरीक्षण चालू" लिहिलं.

नळाजवळ मात्र उगवलं.
फवारताना तिथं नोझल तुंबलेलं,
हातभर पट्टा सुटलेला. (हे वहीत नाही.)
एप्रिलात त्याला तुरे आले,
चार-चार बोटं पसरून,
जणू कुणी बाजाराचा हिशेब सांगतंय.
उपटायला ठकूबाईंना पाठवलं
तर त्या वाकून बघतच राहिल्या.
"ही तर नागलीची मावसबहीण," म्हणाल्या,
"गरीब घरी दिलेली."
एक तुरा तळहातावर चोळला, फुंकर मारली,
तूस उडालं,
नखाच्या कडेला मावतील एवढे दाणे उरले.
ते त्यांनी तोंडात टाकले.

मी ओरडलो, बाई, औषध!

त्या चावत होत्या.
"औषध पडलं असतं
तर ही आली असती होय?"

उद्या विसपुते येणार,
उगवलेल्यावर मारायचं दुसरं औषध घेऊन.
त्यांच्यासाठी नोंद करतोय.
लांबी : एक हात.
रुंदी : नळापासून भिंतीपर्यंत.
तणाचं नाव,
या रकान्यापाशी मघापासून थांबलोय.