होडी जाळणारा गाव

एकतीस वर्षं फेरीबोटीवर दोरखंड फेकला.
जुने गोवे ते दिवाडी, दिवाडी ते जुने गोवे,
मधे पानाची शीर काढून विडा लावेपर्यंतचा प्रवास.
सुलक्षाने, माझ्या मुलीने, एकदा हिशेब मांडला:
बाबा, एवढ्यात पृथ्वीला चार प्रदक्षिणा झाल्या असत्या.
निवृत्तीनंतर ॲबर्डीनहून तिनेच तिकीट पाठवलं.

स्कॉटलंडात लोक किल्ले बघतात.
मी धक्के बघितले.
ओबानचा, मालेगचा, आणि एका बेटाचा, ज्याचं नाव
तिथल्या तिकीटवाल्याने दोनदा दोन तऱ्हांनी उच्चारलं.
दोर कशाचा, खांबाला वेढे किती,
आधी गाड्या उतरतात की माणसं,
सगळं वहीत आहे.
एडिंबरोच्या किल्ल्यापुढे सुलक्षा फोटो काढत होती,
मी विचारलं, इथून खाडी किती लांब गे?

घागऱ्यातले पुरुष बघून हसू नाही आलं.
सांगोडावर राक्षस व्हायला आमची पोरंही नेसतात,
तेही वहिनीची साडी, न विचारता.
मेंढीच्या पोटात शिजवलेलं ते काहीतरी खाल्लं,
तर फ्रान्सिस्कुच्या घरचं सारपातेल आठवलं,
फक्त व्हिनेगर विसरलेलं.

गावागावात दगडी घरं, घराघरावर पाटी.
एका पाटीवर मासे साफ करणाऱ्या बायका:
सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधायच्या,
आणि माशांच्या मागे बंदरामागून बंदर हिंडायच्या.
मी थंडीत उभा राहून ती पाटी तीनदा वाचली.
शिनाणे फोडणाऱ्या जयवंतीच्या अंगठ्याला
आजही पट्टी आहे.
दारावर नाही.

मग रात्रभराच्या बोटीने लर्विक.
जानेवारीचा शेवटचा मंगळवार,
वारा असा, की माझी मराठी दातांतच राहिली.
हजार मशाली रस्त्याने आल्या,
मधे एक होडी, नाळेवर सापाचं तोंड,
फळी फळीला अशी बसलेली
की सुईसुद्धा आत जाऊ नये.
वर्षभर खपून बांधलेली.
सगळे गोल उभे राहिले
आणि मशाली तिच्यातच फेकल्या.

मी पाठ फिरवली.
खरं सांगतो, डोळे मिटले.
खलाशी माणूस, जळती होडी कशी बघू?

शेजारी मॅग्नस, त्या होडीचा सुतार,
तोंड भरून गात होता.
गाणं संपल्यावर माझ्या बोटीवरच्या इंग्रजीत मी त्याला
आमचा सांगोड सांगितला:
दोन होड्या शेजारी बांधायच्या, वर फळ्या,
फळ्यांवर गणपती, देव, राक्षस, ढोल, दिवे,
आणि सगळा गाव काठावर.
मग? त्याने विचारलं. नंतर होड्यांचं काय करता?
म्हटलं, गाठ सोडतो. सकाळी मासे मारायला जातात.
तो इतका हसला की टोपी पडली.
बिचाऱ्या! म्हणाला. सणाच्या दुसऱ्या दिवशी कामावर!
आणि मग, राखेकडे बघत, हळू:
आमचीला म्हातारपण नसतं.

ते वाक्य वहीत लिहिलं नाही.

परत आल्यावर माझी बोट बघायला गेलो.
खारफुटीत एका कुशीवर कललेली,
भरतीचं पाणी तळाच्या भोकातून आत येतं,
ओहोटीला त्याच भोकातून जातं.
ज्या खांबाला मी दोर बांधायचो
त्यावर बगळा. माझी ओळखसुद्धा दाखवली नाही.
खिशात आगपेटी होती, विडीसाठी.
विडीच पेटवली.

आज गणपतीचा सातवा दिवस,
कुंभारजुव्याच्या मांडवीत मी गुडघाभर चिखलात.
पोरं म्हणतात, काका, नायलॉन घ्या, पटकन होईल.
मी काथ्याच घेतो. भिजला की फुगतो, घट्ट बसतो,
पण रात्री अंधारात, ढोल थांबल्यावर,
एका हाताने सुटला पाहिजे.
डावी होडी जयवंतीच्या भावाची,
पहाटे तीनला त्याला जाळं टाकायचंय.
लर्विकचा एक कोळसा माझ्या पाकिटात आहे,
नखाएवढा, रुमालात गुंडाळलेला.
दोन होड्यांच्या फटीत तो ठेवावा असं वाटलं होतं,
पण हात दोराला अडकलेले.

ए, तो दुसरा दिवा सरळ कर.
ओहोटी दीडला लागते.