विसरलेली पेंढी

एन्त्रे रिओसमध्ये ऑगस्ट म्हणजे थंडीचं शेपूट.
गहू जेमतेम घोट्याएवढा, हिरवा,
आणि पोथीतला आठवडा मात्र सुगीचा.
पोथी आली वरच्या गोलार्धातून, बोटीतून,
पणजोबांच्या गाठोड्यात, दोन पितळी दिव्यांच्या मध्ये,
आणि तिला कुणी सांगितलंच नाही
की इथे ऋतू उलटे असतात.
सव्वाशे वर्षं आम्ही कोवळ्या पिकापुढे बसून
कापणीचे नियम वाचतो.

प्रार्थनाघराची किल्ली हार्डवेअरवाल्या खारोशेत्स्कीकडे.
दहा माणसं लागतात. सहा जमली,
त्यातलं एक घोरत होतं.
दहा नाहीत, म्हणून गुंडाळी पेटीतच राहिली.
छापील प्रतीतून वाचायचं, ज्याचं त्याने.

माझे वडील, नाउम, ओळीवर बोट ठेवून चालले होते
नांगरामागे चालल्यासारखे.
एका ठिकाणी बोट थांबलं.
शेतात एखादी पेंढी विसरलास
तर आणायला मागे फिरू नकोस.
ती परक्याची, पोरक्याची, विधवेची.
आणि ते हसले. मोठ्याने. घोरणारा जागा झाला.

"मिर्ता," मागे वळून म्हणाले,
"सहाशे तेरा आज्ञा.
सगळ्या लक्षात ठेवून पाळायच्या.
ही एक ठरवून पाळताच येत नाही.
आता बघ,
म्हातारपणी कशी सोपी झाली मला."

मी हसले नाही.
मी रोसारिओत गोदामांसाठी हिशेबाची प्रणाली लिहिते.
चार लाख खोकी, एकही विसरायचं नाही.
एखादं राहिलंच तर माझ्या फोनवर लाल ठिपका,
रात्री तीनलाही.
घरीही मी तेच केलं होतं आल्या आल्या:
पिवळ्या चिठ्ठ्या.
गॅस बंद केला का. निळी गोळी जेवणानंतर.
हे दार कोठाराचं. हे दार संडासाचं.
वडील चिठ्ठ्या वाचतात
आणि चिठ्ठीचं कौतुक करून गॅस चालू ठेवतात.

त्या संध्याकाळी, तीन तारे दिसल्यावर,
कोठारातली वही काढली.
बेनीतेस, अकरा पोती बियाणं, उधार.
तारीख सोळा वर्षांपूर्वीची. पुढे रेघ नाही.
बेनीतेस गेला, ते मला ठाऊक होतं.
बायको चौकात एम्पानादा विकते, धाकटा पोर मदतीला.
"बाबा, हे अकरा पोती?"
त्यांनी माते ओढला, नळी घुर्र वाजली.
"कोण बेनीतेस?"

विसरले होते? की आत्ता विसरत होते, माझ्यादेखत?
त्यांच्या चेहऱ्यावर हल्ली दोन्ही सारखंच दिसतं.

मी फोनमध्ये नोंद केली: बेनीतेस, अकरा.
आता रोज सकाळी नऊला ती नोंद वाजते
आणि मी "उद्या" दाबते.
हे विसरणं नव्हे, हे मला कळतं.
जाणूनबुजून टाकलेली पेंढी फार तर दान होते,
आणि दानाची पावती मन जपून ठेवतं.
माझ्याकडे विसरायला जागाच नाही.
सगळं भरलेलं, क्रमांक टाकलेलं.

निघताना बसथांब्यापर्यंत आले सोबत.
कुंपणापलीकडे तो हिरवा, बेफिकीर गहू.
माझी कॉलर नीट केली. म्हणाले,
"फेगा, आईला सांग, मी वेळेवर येतो."
फेगा माझी आत्या. आई म्हणजे त्यांची आई.

मी चिठ्ठी लिहिली नाही.
"सांगते," म्हटलं.
बस हलली, ते मागे वळले,
आणि पुन्हा मागे फिरले नाहीत,
अगदी नियमाप्रमाणे.

खिडकीशी बसले मी,
त्यांच्या शेतात राहून गेलेली.
शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईने
न विचारताच
आपल्या डब्यातलं अर्धं संत्रं पुढे केलं.
घेतलं.