झाकण

औशाच्या अलीकडे, सोयाबीनच्या बारा पट्ट्यांत
मी गोगलगाई मोजते. खरं तर मोजते शेषाबाई,
मी फक्त लिहून घेते:
चौकट चौथी, एकोणीस. चौकट पाचवी, सात,
आणि एक फुटकी, तिचं काय करू?

रात्री लातुरात, खोलीवरच्या पंख्याखाली
त्या एकोणिसांचा होतो एन.
वाढतो, आपल्याच गर्दीला अडून थबकतो,
पडद्यावर वळण घेतो नांगराच्या रुमण्यासारखं.
नर किती, मादी किती, हा रकाना मी आधीच खोडला:
इथे प्रत्येक जीव दोन्ही असतो,
प्रत्येक जीव अंडी घालतो.
समीकरणाला एवढं सुख क्वचित मिळतं.

मार्चमध्ये मोजणी आली शून्य.
एप्रिलमध्येही शून्य. तावरजेचं पात्र कोरडं,
रानाला हात जाईल एवढ्या भेगा.
मृत्युदर वाढवत नेला मी, दशांशाच्या एकेका घराने,
तेव्हा कुठे माझं वळण जमिनीला टेकलं.
छान जुळलं. सरांनाही आवडलं.
संपलं बघा सगळं, मी म्हणाले शेषाबाईला,
मजुरीचा शेवटचा हिशेब करताना.

ती काही बोलली नाही. खुरपं घेतलं,
बांधाच्या दगडाखालची वीतभर माती उकरली
आणि पदरात आणून ओतले माझ्यापुढे
नऊ शंख. हलके, वाळलेले,
तोंडावर पांढरं झाकण, कांद्याच्या पापुद्र्यासारखं.
मेलेत, मी म्हणाले.
"मरत्याल कशाला? निजल्यात."

घागरीतलं, स्वतःच्या प्यायचं पाणी
तिने चूळभर शिंपडलं. आम्ही बाभळीखाली बसलो.
तिने तंबाखू मळली.
बराच वेळ काहीच झालं नाही
आणि मला जरा बरंही वाटायला लागलं होतं.

मग तिसऱ्या शंखाचं झाकण ओलसर झालं,
आतून फुगलं,
आणि एक शिंग बाहेर आलं, टोकाला डोळा घेऊन,
माझ्याकडे.

त्या रात्री मी मृत्युदराची दोन शकलं केली.
मेलेल्या एकीकडे. दुसरीकडे नवा डबा,
त्याला दोन बाण: आत जाणारा उन्हाच्या मापाने,
बाहेर येणारा ओलीच्या.
वर एस लिहिलं. प्रबंधात म्हणेन, सुप्त.
शेषाबाईचा, हे कुणाला सांगणार नाही.

सर म्हणतात, नऊचा नमुना फार लहान.
खरंय. त्यातल्या आठ अजून उघडल्याच नाहीत.
खिडकीत बशीत ठेवल्यात,
रोज सकाळी थेंब थेंब पाणी घालते.
कोणत्या डब्यात टाकू त्यांना,
हे विचारायला उद्या औशाची गाडी धरीन.