ऐंशी पौंडांचं रबर

ग्रिम्सबीत पावणेचारलाच दिवे लागतात.
गोदीच्या वाटेवरचं दुकान, अर्ध्यात किराणा,
अर्ध्यात पोस्टाची काच,
काचेमागे मी, डोक्यावर सांताची टोपी;
मालकाचा हट्ट, चोवीस तारखेपर्यंत काढायची नाही.

डोरीन थॅकरे आली.
एरवी दोन तिकिटं, मांजराच्या खाण्याचा एक डबा
आणि हवेबद्दल एक तक्रार.
आज तक्रार नाही.
काउंटरवर मांडली तिनं गिफ्ट कार्डं,
पत्त्यांचा डाव मांडावा तशी, पाच,
प्रत्येकी शंभराची.

"नातवंडांना?"
"हो," ती म्हणाली. फार पटकन.
आणि तिचा हात कोटाच्या खिशावर गेला,
आत कुणी तान्हं झोपलंय असा.
खिशातून उजेड झिरपत होता.
फोन चालू होता.
कुणीतरी ऐकत होतं आमचं बोलणं,
माझं मशीन कधी वाजतंय याची वाट बघत,
कुठल्या खोलीत, कुठल्या देशात, देव जाणे,
त्यालाही असेल वरून महिन्याचं टार्गेट.
आणि मला एक चोरटी भीती:
त्याचे उच्चार माझ्यासारखे तर नसतील?

पावतीचा कागद फाडला, मागे लिहिलं:
कोण आहे?
तिनं चष्मा कपाळावरून खाली ओढला, लिहिलं:
बँक. खात्यात चोर शिरलाय. कुणाला सांगू नका म्हणालेत.
अक्षर गोल, शाळेतल्या बाईंचं,
शेवटी पूर्णविरामसुद्धा.

मी लिहिलं: बँक असली कार्डं मागत नाही.
तिनं वाचलं. परत वाचलं.
मागे रांग वाढत होती, कुणाच्या तरी टोपलीतला
प्लास्टिकचा रेनडिअर मध्येच गायला लागला,
आणि ती मान हलवत राहिली.
फार सभ्य आहे तो, तिनं लिहिलं.
त्याला माझं नाव माहीत आहे.

आता काय लिहू?
पोलिसांची सूचना तिच्या नाकासमोर होती काचेवर.
मीच चिकटवलेली, नोव्हेंबरात.
आणि त्याच रात्री पांघरुणात पडून
लेकीसाठी बर्फावरचे स्केट्स मागवले मी,
सत्तर टक्के सूट, उरले फक्त तीन जोड,
पडद्यावर घड्याळ उलटं धावत होतं
आणि मी त्याच्यापुढे.
तीन आठवड्यांनी पाकीट आलं. पातळ.
आत केसांना बांधायचं एक रबर.
जांभळं.
तक्रार केली तर म्हणे, माल पोचलाय, नोंद आहे.

घरी सांगितलं नाही. यशोधनला म्हटलं, उशीर होतोय,
पोस्टाचा घोळ आहे सगळा.
पोस्टाचा! मी, पोस्टात बसणारी.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात ना,
पण पुढचा ठेचकाळतो
आणि फुटका अंगठा बुटात लपवून चालत राहतो.
मागच्यानं शिकायचं कशावरून?

मी टोपी काढली.
मान वळवून शेपटी दाखवली तिला,
आणि कागदावर लिहिलं: ऐंशी पौंड.

डोरीननं रबराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
मग खिशात हात घालून
बादलीतला जिवंत मासा धरावा तसा फोन बाहेर काढला,
लाल बटण दाबलं.
तो लगेच परत वाजला,
काउंटरवर थरथरत, कार्डांकडे सरकत.
आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो.
रांगेत कुणीतरी खाकरलं.

मग तिच्याच कार्डामागचा नंबर वाचून
दुकानाच्या फोनवरून खऱ्या बँकेला लावला.
तिथे वीस मिनिटं घंटांचं संगीत.
तेवढ्यात तिनं मांजराचा डबा घेतला,
"रंग बरा आहे तसा," म्हणाली,
"आणि बाहेर बघितलंस का, काय ही हवा."

रात्री तो कागद पर्समधून निघाला,
दोघींच्या अक्षरांचा.
फाडणार होते.
फ्रिजवर लावला, दुधाच्या बिलाशेजारी,
आणि कणीक मळायला घेतली, दाराकडे पाठ करून.

"ऐंशी पौंड कसले गं?" यशोधननं विचारलं.