लाइनमन

संचारबंदी उठून अकरा दिवस झाले होते.
उठली, म्हणजे कागदावर.
नाल्याच्या पुलावर बॅरिकेड तसंच,
त्यावर शिपायाचा दुपट्टा वाळत घातलेला.

शांतता समितीनं ठरवलं, मैदानावर सिनेमा दाखवू.
खेळानं एक फाटलेला देश कसा जोडला, त्याचा.
मला म्हणाले, नंदनवार, मैदान तुम्ही आखता,
पडदाही तुम्हीच बांधा.

टचलाइनीवर, बरोबर मधोमध, दोन बांबू ठोकले.
एक कापड आमच्या कोष्टीपुऱ्यातल्या मागाचं,
एक मोमीनपुऱ्यातल्या मुख्तार अन्सारीच्या लूमचं,
मध्ये त्याच्या शिफानं घातलेली शिवण,
घाईची, जराशी वाकडी.
दोन्ही कापडं पांढरीच, पण उजेड पडल्यावर कळलं,
एक किंचित पिवळट आहे.
कोणतं, ते मी सांगणार नाही.

मे महिना. रात्री नऊलाही जमीन तव्यासारखी.
लोक आले आणि बसले,
मधल्या रेषेच्या अलीकडे आमचे, पलीकडे ते.
रेष मीच आखलेली, त्याच सकाळी, चुन्यानं.
तीस वर्षं आखतोय
खेळ चालावा म्हणून.

सिनेमा परमुलखातला. खाली अक्षरं पळत होती,
वाचेपर्यंत माणसं रडून मोकळी होत.
पण तिथंही दोन वस्त्या होत्या, तिथंही पूल,
तिथंही एक जळलेला हातठेला.
आमच्याकडून कोणीतरी खोकललं. मग तिकडूनही.

कॅप्टन या वस्तीचा, गोलकीपर त्या.
एकमेकांशी बोलत नव्हते,
दीड तासात बोलायला लागले.
मला रागच आला थोडा.
मुख्तार वीस वर्षं गोलात उभा, मी लाइनवर,
आणि आमच्या अबोल्याला चौथा आठवडा लागला होता.

मग फायनल. शेवटचं मिनिट.
नऊ नंबरनं बॉल घेतला,
शिवणीवर बॉल जरा चिरला, पुन्हा गोल झाला,
आणि जाळीत.
पडद्यावरचं सारं स्टेडियम उठलं,
अनोळखी माणसं अनोळखी गळ्यांत पडली,
व्हायोलिनं वाजली.
मैदानात सगळे चिडीचूप. डोळे ओले असतील,
अंधारात कोण बघतंय.

माझा उजवा हात वर गेला.
हातात झेंडी नव्हती, घाम पुसायचा रुमाल होता.
"ऑफसाइड," मी म्हणालो.
मोठ्यानं.

"काउन बे, नंदनवार!" डावीकडून.
"अबे चश्मा लगा, लाइनमन!" उजवीकडून.
"देश जोडून राह्यले ना ते, तू काय करून राह्यला बे!"
एक शेंगदाण्याची पुडी कानाजवळून गेली,
मग एक चप्पल. कोणत्या बाजूची, समजलं नाही.
तीस वर्षं शिव्या खाल्ल्या मी,
पण वाटून दिलेल्या:
यांना मी पटलो की ते माझी आई काढत.
त्या रात्री पहिल्यांदा
सगळ्यांनी मिळून काढली.

याहून जास्त काही झालं असं मी म्हणणार नाही.
बॅरिकेड आणखी महिनाभर राहिलं.
सोनकुसरेच्या पानठेल्याची राख तशीच होती.
ज्यांची माणसं मेयोत खाटेवर होती
ते सिनेमाला आलेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी तर्री-पोहे खात होतो.
मुख्तार आला, समोर बसला. सलाम नाही, काही नाही.
मीठदाणी सरकवली:
"ये दो नंबर. ये इधर था."
"नव्हता."
त्यानं पाण्याचा ग्लास ठेवला, तो कीपर.
मी लिंबाची फोड ठेवली, तो नऊ नंबर.
"बॉल कब छूटा, ये बोल."
पोऱ्या टेबल पुसायला आला, दोघंही त्याच्यावर ओरडलो.

गोल होता, असं त्याचं म्हणणं आहे.
आजही आहे.
उद्या येतो म्हणाला,
शिफाचा चौकड्यांचा रुमाल घेऊन,
त्यावर नीट मोजता येईल.