मोजणी

भेरूघाटाच्या अलीकडे, चोरलकडे उतरणाऱ्या पडीत
सकाळी आठला मेंढ्या सोडतो
आणि माझं मराठी सुरू होतं.

माणसांशी माळवी.
किराण्याच्या दुकानात, गिरणीवर, पटेलाच्या ओट्यावर
‘कई हाल है’ आलं की ‘ठीक’.
आज्यानं खानदेशातून आणलेली बोली
ठकू गेल्यापासून घरात पडून असते.
एकेचाळीस मेंढ्यांना कळते तेवढीच.
‘अगं थांब, तिकडं लसूण हाय लोकाचा’
म्हटलं की बांडी मान वर करते.
करायची.

पावा माझा लाइटफिटिंगच्या पाइपचा.
बायपासला इमारत उठत होती, वायरमननं तुकडा दिला,
छत्रीची काडी लाल करून भोकं पाडली.
तिसरं जरा तिरकं गेलं.
म्हणून माझी कुठलीही धून तिथं येऊन लंगडते
आणि मेंढ्यांना वाटतं, धून अशीच असते.

दुपारी खंडवा रोडचे ट्रक चढाला गिअर बदलतात.
मी थांबतो. त्यांचं होऊ देतो.
मग पळसाखाली पुन्हा.
कुणी ऐकत नाही याचं एक बरं असतं,
चुकलं तर पहिल्यापासून घ्यावं लागत नाही.

संध्याकाळी मी मोजत नाही, ऐकतो.
पितळी घंट्या, पत्र्याच्या,
एक तर दुधाच्या बरणीच्या झाकणाची.
सगळ्या उतारावरून येतात तेव्हा
एक लांबलचक वाक्य होतं,
त्यातला शब्द गळाला की लगेच कळतं.

महूच्या हाटात बांडी दिली. वय झालं होतं.
घेणाऱ्यानं नोटा दोनदा मोजल्या,
म्हणाला, ‘घंटी रेन दो ना भिया.’
मी ऐकलं नाही असं केलं.

नंतर दुसरीच्या गळ्यात बांधून पाहिली.
घंटी तीच, चाल निराळी.
सोडली.

आता पाण्याच्या टाकीपाशी,
जिथं तिचा सूर यायचा,
मी पाव्यात एकदाच फुंकतो,
तिसऱ्या भोकाचा, तिरका.
पुढच्या दोघी-तिघी वळून बघतात.
मग चालू लागतात.

रात्री विजयनगरहून नातवाचा फोन:
‘दादा, सब आ गईं?’
‘आ गईं,’ म्हणतो मी,
आणि वाडग्याचं फाटक लावायला
थोडा वेळ घेतो.