पायगुण

एकतीस वर्षं मी डबे जोडले, डबे सोडले
कौवोलाच्या यार्डात, उणे पंचवीसमध्येसुद्धा.
कंदील आडवा हलला की इंजिन थांबायचं,
उभा हलला की यायचं,
लाकडाने लादलेले चाळीस डबे
माझ्या मनगटाकडे बघत.
माझ्या पायांकडे कुणी कधी पाहिलं नाही.

आता दर गुरुवारी
घोड्यांच्या बंदिस्त रिंगणात, वाळूवर,
लीद, ओली लोकर आणि खिशातलं वाळवलेलं यकृत
यांच्या वासात
मी पिह्कापुढे उभा असतो.
पिह्का म्हणजे राळ. वय अकरा महिने.
चिकटून राहील, या आशेने ठेवलेलं नाव.

साइमी शिकवते. माझे यार्डातले बूट तिच्याहून थोरले.
म्हणते, उडी नको अजून, हाडं कोवळी आहेत,
दांडे जमिनीवरच राहू देत.
म्हणून महिनाभर आम्ही दोघं
पडलेल्या दांड्यांवरून गंभीरपणे चालत गेलो,
घर नसलेले उंबरठे ओलांडत.

डुगडुगत्या फळीवर पिह्काने एक पंजा ठेवला.
फळी धाडकन आपटली,
आणि ती जी पळाली ती थेट ट्रॅक्टरखाली.
मग फळीच्या टोकाखाली जुनी उशी आली.
आठवडाभर तिचं जेवण तिथेच.
रोज उशीतला मूठभर कापूस
साइमी गुपचूप काढून घ्यायची.

निळा बोगदा बघून मी म्हटलं, हे मला येतं.
हात लांब केला, ओरडलो: पुत्की!
पिह्काने बोगद्याकडे ढुंकूनही न बघता
शेजारचा दांडा ओलांडला
आणि बक्षीस मागायला आली.
ऐकतच नाही, मी म्हटलं.
साइमीने मोबाइलवर चित्रण दाखवलं, थांबवून:
हात बोगद्याकडे. डाव्या बुटाचं टोक
दांड्याकडे.
ऐकतेय की, ती म्हणाली. तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात,
तिने खरी वाटली ती धरली.

घरी स्वयंपाकघरात, कुत्रीशिवाय,
खुर्च्यांमधून सराव करत होतो: आधी पाय, मग खांदा,
हात सगळ्यात शेवटी.
इर्या बटाटे सोलत होती.
म्हणाली, हे मला केव्हाच माहीत होतं, एन्सिओ.
बस, बोलू या, म्हणायचास तू,
आणि पाय दाराकडे.
मी एक खुर्ची पाडली.

मार्चमध्ये साइमी म्हणाली, आज पाठ फिरवायची.
ती बोगद्यात शिरली की वळा, पळा,
मागे बघू नका,
दुसऱ्या खांद्यावरून तिची वाट बघा.
मी म्हटलं, यार्डाचा पहिला नियम आहे,
चालत्या डब्याकडे पाठ करायची नाही.
ओस्मोने एकदाच केली होती.
साइमी थोडा वेळ वाळूकडे बघत राहिली.
मग म्हणाली, हा डबा छत्तीस पौंडांचा आहे.

अकरा वेळा माझी मान वळली.
अकरा वेळा पिह्का बोगद्यातून बाहेर येऊन
मी बघत होतो त्या चुकीच्या बाजूला धावली,
शेपटी हलवत, अगदी बरोबर.
बाराव्या खेपेला गुडघा दुखत होता,
नियम आठवायला दम उरला नव्हता.
वळलो. पळालो.
एक श्वासभर मागे काय आहे
हे मला माहीत नव्हतं.
मग डाव्या मांडीशी ओलं, गरम धापणं,
आणि माझ्या पुढे निघून गेलेलं एक काळं शेपूट.

त्यानंतर तिने खांब पाडला, यकृताची अख्खी पिशवी खाल्ली
आणि रिंगणाच्या मधोमध बसून मुतली.
साइमी फावडं घेऊन आली.

रात्री दारात बूट काढले.
टोकं बाहेर, सवयीने.
वाकून वळवून ठेवले.
इर्याने पाहिलं, काही बोलली नाही.
पिह्का आली, बूट हुंगले,
आणि त्यांच्या टोकांच्या दिशेने
स्वयंपाकघरात गेली.